दोन टोकांच्या दोघी

नणंद-भावजयीचं गुळपीठ असू नये असा काही कायदा नाही, पण ते असलं की बघणाऱ्यांना उगीच चुकल्यासारखं होतं. या दोघींचं होतं. तेही घरात बेताचं आणि शिडीवर भरपूर.

नणंदेला घरात सगळे ठिणगी म्हणत. लहानपणी तिने रेडिओच्या पोटात स्क्रू ड्रायव्हर खुपसून अख्ख्या घराचा फ्यूज उडवला, तेव्हा हे नाव पडलं, आणि पुढे तिने ते सार्थ करत ठेवलं. भावजयीला टोपणनाव नव्हतं. ती लग्न होऊन आली ती वहिनी म्हणून, आणि मग बघता बघता हमालांची, इलेक्ट्रिशियनांची, गोदामांच्या सुपरवायझरांची, सगळ्यांचीच वहिनी झाली. दोघींचा मिळून एक धंदा होता. मोठाल्या गोदामांमध्ये बिनतारी टर्मिनलांचं जाळं बसवायचं, आणि ते रुसलं तर समजूत काढायला जायचं.

बिनतारी म्हणतात खरं, पण त्यात तारच फार असते, हे ठिणगी भेटेल त्याला ऐकवायची. गोदामातल्या माणसाच्या हातात एक टर्मिनल असतं. त्याने खोक्यावरचा बारकोड वाचला की ती खबर हवेतून जवळच्या रिलेकडे जाते. रिले म्हणजे छताच्या तुळईला टांगलेला एक डबा, वर बोटभर अँटेना. हवेचा प्रवास तिथेच संपतो. पुढे या डब्यातून त्या डब्यात अशी एकच केबल सगळ्या गल्ल्यांवरून फिरत फिरत दारापाशी ऑफिसातल्या मुख्य यंत्रापर्यंत जाते. ही केबल ओढणं आणि डबे टांगणं म्हणजेच काम. बाकी सगळं जाहिरातीत असतं.

कामाची दोघींची एक ठरलेली पद्धत होती. ठिणगी ऑफिसाकडून सुरुवात करायची, वहिनी मागच्या भिंतीकडून. आपापला अर्धा भाग आपापला तपासायचा आणि गोदामाच्या मध्यावर भेटायचं. शेजारशेजारच्या दोन डब्यांपाशी दोन शिड्या लावून दोघी वर चढायच्या, मधला जोड द्यायच्या आणि वरच्या वर अर्धा तास गप्पा मारायच्या. एवढ्या उंचीवर कुणाचं चोरून ऐकणं शक्य नसल्यामुळे घरातल्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी तिथेच ठरत. दादाला नवीन चष्मा हवा, हे दादाला कळायच्या आधी तिथे ठरलं होतं.

आज मात्र दोघींचं बोलणं बंद होतं.

दादा म्हणजे ठिणगीचा भाऊ आणि वहिनीचा नवरा. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आदल्या संध्याकाळी जेवताना तो सहज म्हणाला, "काय गं, तुझी वहिनी नोकरीवर निघाली, आता तुझं कसं व्हायचं?" ठिणगीचा घास हातातच राहिला. रिले बनवणाऱ्या एका कंपनीला नवीन तंत्रज्ञांना शिकवायला कुणीतरी हवं होतं, वहिनीने अर्ज केला होता, आणि त्यांनी तिला बोलावलं होतं. हे सगळं ठिणगीला भावाकडून, ताटावर कळत होतं. वहिनी खाली मान घालून म्हणाली, "अजून काही ठरलेलं नाही." ठिणगी काहीच बोलली नाही. तिच्यासारखीच्या बाबतीत हे भांडण्यापेक्षा वाईट लक्षण होतं.

तिला वहिनी जायला नको होती. अगदी सरळ सांगायचं तर एवढंच. वहिनीच्याच शब्दावर तिने चांगली पगारी नोकरी सोडून या धंद्यात उडी घेतली होती. पण 'जाऊ नकोस' हे म्हणायला आधी वहिनीने 'जाते' असं म्हणायला हवं होतं, आणि तेही स्वतःच्या तोंडाने. तोवर आपणही तोंड उघडायचं नाही, असं ठिणगीने रात्री अंथरुणात ठरवलं आणि सकाळी पाळलं. गाडीत एरवी मागे असणारा टूलबॉक्स आज दोघींच्या मधल्या सीटवर होता.

या शीतयुद्धात सापडला बिचारा सुपरवायझर. माणूस गोलमटोल, हसरा, आणि सकाळपासून टर्मिनलांची वाट बघत असलेला. संध्याकाळच्या आत जाळं चालू झालं नाही तर बाहेर उभे असलेले ट्रक तसेच उभे राहणार होते.

"वहिनींना सांगा, केबलचं दुसरं रीळ इकडे आहे," ठिणगी त्याला म्हणाली.

तो गोदाम ओलांडून मागच्या भिंतीपाशी गेला आणि परत आला. "वहिनी म्हणतात, त्यांच्याकडे पुरेसं आहे."

"त्यांना सांगा, पुरेसं असतं तर मी सांगितलं नसतं."

तो पुन्हा गेला. पुन्हा आला. "ताई," तो घाम पुसत म्हणाला, "माझ्या डोक्यावर पण एक अँटेना बसवा. रिलेचंच काम करतोय मी." ठिणगीला हसू आलं, पण तिने ते गिळलं, कारण ते वहिनीपर्यंत पोचलं असतं.

तरी काम झालं. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी ठिणगी मध्यावर पोचली, तर वहिनीच्या शेवटच्या डब्याला झाकण लागलेलं होतं आणि वहिनी खाली उतरून दुसरीकडे तोंड करून पाणी पीत होती. मधल्या जोडाची केबल तिने आपल्या बाजूने लावून ठेवली होती, दुसरं टोक लोंबत होतं. ठिणगीने ते आपल्या डब्यात घट्ट बसवलं, झाकण लावलं आणि ती खाली आली. आयुष्यात पहिल्यांदा मधला जोड एका शब्दाशिवाय दिला गेला होता.

ऑफिसात मुख्य यंत्र चालू केलं. पडद्यावर सगळे डबे एकामागून एक हिरवे झाले. पोरांनी टर्मिनलं हातात घेतली आणि गल्ल्यांमधून टिंग टिंग आवाज येऊ लागले. सुपरवायझर दोन्ही हात चोळत म्हणाला, "चला, बेल्ट चालू करा."

खोकी वाहून नेणारा मोठा बेल्ट गोदामाच्या मधोमध होता. त्याची मोटर घरघरली, आणि मागच्या गल्लीतून फोर्कलिफ्टवाला ओरडला, "गेलं."

बेल्ट बंद केला. "आलं," तो ओरडला. बेल्ट चालू केला. "गेलं." पडद्यावर मागचे डबे मध्येच लाल, मध्येच हिरवे, मध्येच कसलाच रंग नाही असे चाळे करत होते. पुढचे अर्धे मात्र ठणठणीत.

मागचे म्हणजे वहिनीचे. खरं सांगायचं तर ठिणगीला त्या क्षणी जरा बरंच वाटलं.

"त्यांना विचारा," ती सुपरवायझरला म्हणाली, "केबल मोटरच्या अंगावरून तर नेली नाही ना."

वहिनी समोरच उभी होती, हाताच्या अंतरावर. "त्यांना सांगा," ती सुपरवायझरकडे बघत म्हणाली, "मोटर कुठे आहे ते मला दिसतं. आणि त्यांनाच विचारा, दोन डब्यांना एकच नंबर दिलाय का. पूर्वी एकदा दिलेला आहे त्यांनी."

हे लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. ठिणगीने रागारागात सगळे नंबर तपासले, सगळे वेगवेगळे निघाले. केबलही मोटरपासून चांगली लांबून गेलेली होती. मग दोघींनी न बोलता, पण एकाच वेळी, तेच केलं जे अशा वेळी करायचं असतं. मधला जोड सोडवून लाइनीचे दोन तुकडे केले. पुढचा अर्धा भाग मुख्य यंत्रावर चालवला, बेल्ट घरघरत असताना. एकही डबा लाल झाला नाही. मागचा अर्धा वहिनीने तपासणीच्या छोट्या यंत्रावर चालवला. तोही अगदी शहाण्यासारखा चालला. जोड पुन्हा दिला, आणि फोर्कलिफ्टवाला कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "गेलं."

सुपरवायझरने डोकं खाजवलं. "म्हणजे दोन्ही लाइनी एकेकट्या चांगल्या, आणि एकत्र आल्या की बिनसतं. ताई, हे प्रकरण माझ्या घरचं ओळखीचं आहे."

ठिणगीने शिडी उचलली.

"त्यांना सांगा," ठिणगी म्हणाली, "आता त्यांचे डबे मी बघते. माझे त्यांनी बघावेत."

वहिनी जरा घुटमळली. मग म्हणाली, "बरं म्हणावं."

ठिणगी मागच्या भिंतीपाशी शिडी लावून चढली ती अगदी खोट काढायच्या तयारीनेच. पहिला डबा उघडला. वहिनीचं काम म्हणजे वहिनीचं काम. तारा एकसारख्या पिळलेल्या, प्रत्येकीला दुरुस्तीपुरती जराशी सैल ठेवलेली वेटोळी, तारा आवळणाऱ्या प्लास्टिकच्या केबल टायची सगळी डोकी एका बाजूला आणि शेपट्या मुळापासून सफाईने कापलेल्या. दुसरा डबा तसाच. तिसराही. हे हस्ताक्षर ठिणगीने अंधारातही बोटांनी ओळखलं असतं. खोट नव्हती. तिचा राग उगीच वाया जायला लागला.

मग मध्याकडे येता येता तिला काहीतरी विचित्र दिसायला लागलं. एका डब्यावरच्या टायची डोकी दुसऱ्या बाजूला होती. शेपट्या तिरक्या, ओबडधोबड कापलेल्या. पुढच्या डब्याच्या स्क्रूवर ओरखडे होते, म्हणजे ड्रायव्हर दोनदोनदा घसरला होता. त्याच्या पुढचा डबा तर तुळईला टांगलेलाच नव्हता, हातभर खाली खांबाला बसवला होता. चालतो तिथेही, पण वहिनी असं करत नाही. ठिणगी त्या तिरक्या शेपट्यांकडे बघत राहिली. टाय ओढताना ती स्वतः कसा हात धरते ते तिने हवेत करून बघितलं, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. डाव्या हाताने ओढला की डोकं बरोबर तिकडे जात होतं.

वहिनी डावरी नव्हती.

सकाळी पहिले डबे उजव्या हाताने, आणि दुपारकडे येता येता डाव्या. शिडीच्या टोकावर, एका हाताने. एवढ्या उंचीवर वहिनी दुसऱ्या हाताने कशाला धरून उभी होती, की कशालाच नाही, हा विचार तिला सोसेना. ती भराभर उतरली, शिडी शेवटच्या डब्याला लावली, चढली आणि झाकण उघडलं.

खोट तिथे होती. आत कोपऱ्यातला चिमुकला स्विच चालू होता.

या स्विचला दोघी नुसतं 'शेवट' म्हणत. लाइनीच्या अगदी टोकाच्या डब्यात तो चालू ठेवावा लागतो, नाहीतर सिग्नल टोकावर आपटून माघारी येतो आणि गोंधळ घालतो. अर्धा भाग एकटा तपासायचा असला की कडेच्या डब्याचा शेवट तात्पुरता लावायचा. पण दोन्ही भाग जोडले की तो डबा टोकाचा राहत नाही, मधला होतो. तेव्हा तो काढायचा. नाही काढला तर सिग्नल वाटेतच अर्धमेला होतो, शांततेत कसाबसा पोचतो आणि मोटर घरघरली की मान टाकतो. वहिनी शेवट काढायला विसरली होती.

ठिणगीच्या तोंडाशी 'सापडलं' आलं आणि तिथेच थांबलं. तिने शेजारच्या, आपल्या डब्याकडे बघितलं. तो उघडून बघायची गरजच नव्हती. तिनेही काढला नव्हता.

इतक्या वर्षांत दोघींपैकी कुणीच हा स्विच कधी विसरलं नव्हतं, आणि त्याचं कारण तिला आत्ता, शिडीवर उभं राहून कळलं. तो दोघींपैकी कुणाच्याच लक्षात नसायचा. शेजारच्या शिडीवरून वहिनी विचारायची, "शेवट काढलास का?" आणि ती म्हणायची, "काढला. तुझा?" सगळी आठवण त्या विचारण्यात होती. आज कुणी विचारलंच नाही.

ती खाली आली. पलीकडे तिच्या डब्याखाली वहिनी शिडी लावून उभी होती, चढली मात्र नव्हती. डावा हात पायरीवर होता. सुपरवायझर निरोप न्यायला तयार होऊन मधोमध उभा होता. ठिणगी त्याला वळसा घालून पुढे गेली.

"वहिनी, उजवा हात वर कर."

सुपरवायझरने दोघींच्या तोंडांकडे बघितलं. "मी जरा ट्रक बघून येतो," तो म्हणाला आणि शहाण्या माणसासारखा निघून गेला.

वहिनीने हात वर केला. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि हात पुन्हा खाली सोडला.

"कधीपासून?"

"झाले काही महिने. सकाळी चालतो जरा. मग आखडतो."

"आणि तरी तू शिडीवर चढत होतीस. दादाला माहीत आहे हे?"

"त्याला सांगितलं असतं तर तासाभरात तुला कळलं असतं."

"नोकरीचं बरं त्याला सांगितलंस मला सोडून," ठिणगी म्हणाली. रात्रभर घोकलेलं वाक्य होतं ते, पण आता त्यात दम उरला नव्हता.

"मी कुठे सांगितलं? कंपनीचा फोन आला तेव्हा मी अंघोळीला होते. त्याने उचलला. बाहेर येऊन बघते तर हा तुझं कसं होणार याची चिंता करत बसलेला." वहिनीने श्वास घेतला. "तुला मीच सांगणार होते. रोज ठरवायचे."

"मग का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

ठिणगीला विचार करावा लागला नाही. "दोन्ही टोकं मी केली असती."

"तेच. तू वर, आणि मी खाली शिडी धरून. आणि तू एका शब्दाने कुरकुरली नसतीस. एरवी तुला घामोळं आलं तरी घरभर कळतं. ते मला बघवलं नसतं गं."

ठिणगी तिथेच केबलच्या रिळावर बसली. डोळे भरून आलेत हे लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. "मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

"तुझा?" वहिनीला खरोखरच आश्चर्य वाटलं. "तुझ्या भावाचा येतो अधूनमधून. तुझा अजून नाही आला."

ठिणगी रडता रडता हसली, आणि मग नाक पुसून उठली, कारण ट्रक उभे होते. ती वहिनीच्या डब्यापाशी चढली.

"तुझा शेवट काढू?" तिने वरून विचारलं.

"काढ. आणि तुझा?"

"तोही तसाच आहे. थांब, काढते." ती उतरली, पलीकडे चढली. "काढला."

"जोड घट्ट आहे का बघ."

"आहे."

"मग लाव झाकण."

बेल्ट घरघरला. सगळ्यांनी मागच्या गल्लीकडे कान लावले. फोर्कलिफ्टवाला काहीच ओरडला नाही. काही वेळाने तो स्वतःच गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "चालतंय की." सुपरवायझर ट्रकांकडे जवळजवळ धावतच सुटला, आणि गोलमटोल माणसाला धावताना बघून दोघी पोट धरून हसल्या.

पसारा आवरताना ठिणगी म्हणाली, "नोकरी घे."

वहिनी थांबली. "विचार करून बोलतेयस?"

"नाही. विचार केला तर जमायचं नाही. तू गेलीस की मला फार वाईट वाटणार आहे, आणि ते मी घरभर सांगणार आहे. पण घे. शिकवायला तुझ्यासारखी त्यांना मिळायची नाही." ती केबल गुंडाळत राहिली. "तुझ्या वर्गातली पहिली बरी मुलगी निघेल ती माझ्याकडे पाठव. बोलकी बघून पाठव मात्र. मुखदुर्बळ नको."

"तुझ्यापुढे कोण बोलणार," वहिनी म्हणाली. "आणि ती मिळेपर्यंत एकटीने चढायचं नाही."

"हे कोण सांगतंय बघा."

"मीच सांगतेय. ऐक."

"ऐकलं. आणि उद्या आपण डॉक्टरकडे जायचं. तू आणि मी. दादाला मग सांगू, म्हणजे सगळ्या गावाला आपोआप कळेल."

गाडीपाशी आल्यावर वहिनी कामाचं जाड जॅकेट काढायला लागली. डावी बाही सुटली. उजवी अडकली. ती पाठ वळवून, खांदा हलवून, दातांत कॉलर धरून ती सोडवायला बघत होती, आणि ते इतकं सराईतपणे चाललं होतं की हे रोज असंच, कुणाचं लक्ष नसताना चालत असणार हे ठिणगीला न सांगता कळलं. तिने टूलबॉक्स उचलून मागे टाकला, पुढे होऊन वहिनीच्या दातांतून कॉलर सोडवली आणि बाही मनगटाशी धरली.

"सावकाश ओढते," ती म्हणाली. "दुखलं तर सांग."

वहिनीने सवयीने मान हलवून 'नाही' म्हटलं. मग तिने हात सैल सोडला, सगळा भार ठिणगीच्या हातात दिला, आणि म्हणाली, "दुखतंय."